लार्सला कान्हे कसं माहीत?

प्रिय श्रीदादा,

"सगळं उघडं ठेवू अनू, कुलूप एकच. आपलं काम आपण पास करायचं नाही."

लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या त्या खोलीत पहिलं टेबल आत जाईना म्हणून आपण दार चौकटीतून काढत होतो. तोंडात धरलेले स्क्रू हातात घेऊन तू हे म्हणालास आणि ते परत तोंडात धरलेस. आपली कंपनी त्या दिवशी सुरू झाली असं मी धरते. गेले काही महिने मात्र मला वाटत होतं, ते कुलूप तूच फोडलंस. आता तसं वाटत नाही. पण जे वाटतंय ते सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

गेलेल्या माणसावर संशय घेणं वाईट, दादा. तो उलट उत्तर देत नाही. मग संशय वाढतच जातो.

तशी संशयाची आपल्याला सवय होती. आपल्या घरमालक आबांना तू समजावून सांगत होतास ते आठवतं? "आबा, माहिती नीट साठवायचं सॉफ्टवेअर करतो आम्ही. कुणीही घ्यावं, आतून उघडून बघावं, हवं तसं बदलावं. फुकट."

"फुकाट?"

"हो. कुणी मदतीला बोलावलं, शिकवायला बोलावलं, तर त्याचे पैसे."

आबांनी तंबाखू चोळायची थांबवली. "म्हंजी म्हस फुकाट आन धार काढायचं पैसं? लय शानी हायसा तुमी. पन हितं काय तरी गोम हाय."

तू दिवसभर हसत होतास. माझे मामा, तुझे बाबा, मात्र हसले नाहीत. जन्मभर देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी केलेला माणूस. ज्याला कुलूप नाही ते त्यांच्या लेखी गोदामच नव्हतं. तू त्यांना सांगायचास, "आहे की बाबा कुलूप. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं ओळ न् ओळ वाचायची, पटलं तर पास करायचं. कोण लिहितं, कोण पास करतं, सगळं जगाला दिसतं." त्यांना ते पटलं की नाही देव जाणे. बाहेरच्यांना पटायला लागलं होतं. आधी एका पतसंस्थेनं घेतलं, मग छोटे दवाखाने आले, मग कुठकुठल्या देशातून पत्रं यायला लागली. तुंगार्ली नकाशावर कुठे आहे, असंही एकानं विचारलं होतं.

पहिल्या वर्षी आपण तिघं होतो. तू, मी आणि वैशालीवहिनी. तपासणी वहिनींची; पास तू माझं करायचास, मी तुझं. नवं काही त्यांच्यापुढे ठेवलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "आधी काहीच न भरता बघू." मग मामींना पक्षाघात झाला आणि वहिनी वडगावला घरी राहिल्या. तात्पुरतं, असं सगळेच म्हणालो. त्यांच्या खुर्चीवर आपण इन्व्हर्टरची बॅटरी ठेवली. ती अजून तिथंच आहे.

पुढे आईच्या आजारपणात मी नाशिकला अडकले. तुझं काम तपासायला कुणी उरलं नाही, आणि नेमका तेव्हा लार्स उगवला. थंड देशातला, ग्रंथालयात नोकरी, हाताशी वेळ. स्वतःबद्दल त्यानं एवढंच लिहिलं होतं. तो तुझ्या कामातल्या चुका काढायला लागला आणि थोड्याच दिवसांत तू त्याला पास करायचा अधिकार देऊन टाकलास. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून फोनवर भांडले होते. "ओळख ना पाळख, त्याला किल्ली दिलीस?"

"काम बघ की त्याचं. माणूस कशाला बघतेस?"

मी कामच बघत राहिले. वर्षानुवर्षं गोड वागून एक दिवस सुरुंग पेरणारी माणसं आपल्या धंद्यात असतात. परत आल्यावरही तुझं काम तोच पास करत राहिला, आणि लार्सची ओळ न् ओळ मी चोराच्या खिशात हात घातल्यासारखी वाचायचे. सापडलं काहीच नाही. त्यानं उलट माझा संशय वाढायचा.

मग तू गेलास. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडलास आणि तळ्याच्या कठड्यापाशी बसलास तो बसलासच. त्या दिवसापासून लार्सचा शब्द नाही. शोकाची एक ओळसुद्धा नाही. मी केलेल्या दुरुस्त्या तशाच पडून राहिल्या, दवाखानेवाले विचारत राहिले, आणि पास करायला दुसरं माणूस नाही. यंत्र मला अडवत नव्हतं, दादा. एक बटण दाबलं असतं तर झालं असतं. तुझे ते तोंडातले स्क्रू अडवत होते.

त्या रिकाम्या दिवसांत मी नाशिकला होते तेव्हाचं, वाचायचं राहिलेलं लार्सचं जुनं काम काढलं. एका चाचणीसाठी त्यानं नमुन्याची माहिती भरली होती, गावांची नावं. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत. मी चहाचा कप खाली ठेवला. बर्फातल्या ग्रंथालयात बसलेल्या माणसाला कान्हे कसं माहीत? वडगाव सोडलं की लागणारं ते एवढंसं स्टेशन, लोणावळ्यातल्या बंगलेवाल्यांनाही सांगता येत नाही.

सगळं जुळत गेलं. मी नाशिकला गेले तेव्हा लार्स आला, तू गेलास तेव्हा तो गप्प झाला, आणि तू वडगावात राहत होतास. म्हणजे लार्स तूच. तूच लिहायचास आणि दुसरं नाव लावून तूच पास करायचास. मग इतक्या वर्षांच्या कामावरून एकाच माणसाची नजर फिरलेली होती, आणि ते वापरणाऱ्या प्रत्येकाला मला तसं कळवावं लागणार होतं. मी निवेदन लिहूनही ठेवलं. तुझं नाव मधोमध घालून. ते लिहिताना मला तुझा इतका राग आला होता की रडूही आलं नाही.

पाठवायच्या आधी एकदा लार्सचे सगळे आक्षेप वाचून काढले. कशानं वाचवलं सांगू? तुझ्या चुकीनं. तुझी ती जन्माची चूक, तुला रिकामं काही सुचायचंच नाही. तक्त्यात एक तरी ओळ असणारच असं धरून तू लिहायचास. आणि लार्स दर वेळी तेच विचारायचा: यात काहीच नसेल तर? पुन्हा पुन्हा, न कंटाळता. जी चूक माणसाला आयुष्यभर दिसत नाही, ती नाव बदललं म्हणून दिसेल का? लार्स तू नव्हतास. लार्स डबा उघडायच्या आधी पीठ संपलंय का याचा विचार करणारं कुणीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी मी वडगावला गेले. वहिनी कोथिंबीर निवडत होत्या.

"वहिनी, लार्स कोण?"

"चहा ठेवू का?"

"त्याला कान्हे कसं माहीत?"

"तेवढं चुकलंच," कोथिंबिरीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "घाईत नावं सुचेनात. गाडीतून दिसतात ती लिहिली."

"आणि लार्स?"

"तुझ्या दादानं बिस्किटांचा डबा आणला होता, त्यावर होतं. आता त्यात तूरडाळ आहे."

"दादाला माहीत होतं?"

"मी सांगितलं नाही कधी. घरातल्यानं चूक काढली की त्याला जेवण जायचं नाही, अनू. लार्सनं काढली की म्हणायचा, काय डोकं आहे माणसाचं. मी समोर वाढत असायचे."

मी विचारलं, मग थांबलात का. त्यांनी काड्या एका बाजूला केल्या. "कुणाचं तपासू?"

"माझं पडलंय की सगळं. तुमची खुर्चीही तशीच आहे. स्वतःच्या नावानं या."

"लार्स करेल हवं तर. वैशाली नाही. नवऱ्याचं काम बायकोनं पास केलं हे कळलं, की तुमच्या आबांसारखे सगळेच म्हणतील, गोम हाय."

त्याच आठवड्यात लार्सचं पत्र आलं. उशिराबद्दल क्षमस्व, घरगुती अडचण होती. खाली माझ्या दुरुस्त्यांवर आक्षेप. तेही रास्त. ते निस्तरून काम बाहेर पडलं आणि माझं निवेदन मी पुसून टाकलं. नवराबायको म्हणजे 'आपण' होतात का, यावर मी बराच विचार केला. पण तिनं तुला जितक्या वेळा परत पाठवलंय, तितक्या वेळा परक्यानंही पाठवलं नसतं. कुलूप शाबूत आहे, दादा.

माझा संशय मात्र अजून गेलेला नाही. परवा जुना पत्रव्यवहार चाळताना एक जागा सापडली. तू लार्सला इंग्रजीत लिहिलं होतंस: तुम्ही फार काम करता, उद्या आराम करा, उद्याचा स्वयंपाक मी बघतो. थंड देशातल्या ग्रंथपालाला कोण असं लिहितं? आणि त्याखाली लार्सचं उत्तर एका ओळीचं: मीठ जरा बेतानं.

म्हणजे तुला माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. "सांगितलं नाही कधी," असं वहिनी म्हणाल्या, ते खोटं नव्हतं. लार्सचा तो थंड देश सोडला तर खोटं कुणीच बोललं नाही. सगळ्या जगाला वाचता येईल अशा जागी तुम्ही ते ठेवलं होतंत, आणि मी तिथं सुरुंग शोधत होते. मला एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं, दादा? की माझ्यासारखी संशयी बाई राखणीला हवीच होती तुला?

आज दुपारी मी एक बदल पाठवलाय. करणाऱ्यांच्या नावांचं ते पान आहे ना, तिथं लार्स तसाच ठेवला. फक्त तुझ्या आणि माझ्या नावांच्या मध्ये लिहिलं: वैशाली, पहिल्या दिवसापासून तपासणी. बदल माझा, म्हणून मला तो पास करता येत नाही. तो अधिकार आता एकट्या लार्सला आहे. तो काय लिहील तेही मला दिसतंय: आवश्यकता वाटत नाही, परत.

परत आला की मी पुन्हा पाठवीन. पण कितीही दिवस लागले तरी तो माझ्या हातानं पास करणार नाही, हा शब्द तुला देते.

तुझं ती ऐकत नव्हती, ठाऊक आहे. आता तर नाहीच ऐकायची. तरी तिला एकदा सांगून बघ ना, एवढं एक पास कर म्हणावं.

तुझी,
अनू
तुंगार्ली