पंख्याचं बटन

डिसेंबर, रविवार दुपार

बाबा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी असावी. डायरी रोज लिहितो, पण तिच्यात तुमचा विषय येऊ लागला की पान उलटतो. आज लिहितो आहे ते प्रेमानं नाही, हे आधीच सांगतो.

गुरुवारी तुमची सून गाडी घेऊन यवतमाळच्या बाजारात गेली होती. कापसाच्या गाड्यांची रांग लागली, अर्धा तास कुणी जागचं हललं नाही, आणि बॉनेटमधून वाफ निघाली. तिनं फोन केला. मी शेजाऱ्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून पोचलो आणि बॉनेट उघडण्याआधीच, चार लोकांसमोर म्हणालो, "पंख्याचं बटन दाबलं नसशील."

"दाबलं होतं. त्याचा लाल लाइट अजून पेटून आहे, पाहून घ्या ना."

"आत्ता दाबलं असशील."

शेजारी हसले. "होते वहिनी असं. आमच्या घरची तर पेट्रोल टाकाचंच विसरते."

ती ऑटोत बसून घरी गेली. तापमानाचा काटा चढलेला दिसताच तिनं इंजिन बंद केलं होतं, म्हणून इंजिन वाचलं. तेही मी तिला म्हणालो नाही.

ते बटन मीच बसवलं होतं, तुमच्या पद्धतीनं. इंजिन तापलं की रेडिएटरचा पंखा आपोआप चालू करणारा सेन्सर उन्हाळ्यात गेला. नवा नागपूरहून येणार होता, मी वाट पाहिली नाही. बॅटरीपासून पंख्यापर्यंत सरळ वायर ओढली आणि मध्ये, स्टिअरिंगखाली, बटन दिलं. नेरच्या गॅरेजात तुम्ही हेच करायचात. "ऑटोमॅटिक गेलं? जाऊ द्या. डायरेक्ट करून देतो." आणि गाडी पुन्हा तापली की दोष नेहमी चालवणाऱ्याचा, कारण बटन त्याच्या हाताशी.

काल सकाळी तपासायला बसलो. पाणी भरलं, गळती कुठेच नव्हती. गेल्या आठवड्यात नेरला जाऊन आलो तेव्हा मोकळ्या रस्त्यावर काटा मध्येच होता. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. बटन दाबलं. लाल दिवा पेटला, पंखा हलला नाही. पंख्याला बॅटरी थेट जोडली तर तो गरगर फिरला. मग बटन उपसून काढलं. त्याच्या मागून पंख्याकडे जाणारी वायर जळून सुटली होती; करंट दिव्यापर्यंत पोचत होता, पुढे नाही. पंख्याचा सगळा करंट मी त्या बारीक वायरीतून नेला होता, बटनाऐवजी तो भार पेलणारा रिले लावलाच नव्हता. बारावीच्या मुलांना मी विद्युतधारा शिकवतो.

हातात ती काळी वायर होती आणि मला नेर आठवलं. मी एकोणीस वर्षांचा, बीएस्सीच्या सुट्टीत आलेला. डॉक्टरांची, तुम्हीच डायरेक्ट केलेली गाडी पोचवायला तुम्ही मला देता. कापूस मार्केटपुढे अशीच रांग. मी बटन दाबून बसलो आहे, त्याच्या दिव्याकडे पाहतो आहे, आणि तरी काटा लाल खुणेपार जातो. काय करावं ते मला सुचत नाही. इंजिनाचं हेड गॅस्केट जळून गेलं, मोठ्या खर्चाचं काम. डॉक्टर गॅरेजात आले तेव्हा तुम्ही हात न पुसताच म्हणालात, "पोट्ट्यानं बटनच दाबलं नाही साहेब. कॉलेजात काय शिकवून राह्यले कोण जाणे."

"दाबलं होतं बाबा."

"तू चूप बैस. खोटं कायले बोलतं?"

"लक्ष कुठी होतं बाप्पा तुयं?" डॉक्टर म्हणाले, आणि तुम्ही दोघं हसलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच गाडीत आडवे पडून जाड वायर टाकत होता. जुनी, जळलेली, तुमच्या छातीवर पडली होती. मी चहा घेऊन उभा होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ठेव तिकडे."

ती वायर मला खरंच आठवते, की आज ती आठवणं माझ्या सोयीचं आहे? कालपासून स्वतःला हेच विचारतो आहे. पण तुमची ती नजर मी मनानं रचलेली नाही. तुम्हाला कळलं होतं, बाबा. डॉक्टर पुढे कितीतरी वर्षं तुमच्याकडेच येत होते, एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी माझ्या लग्नातही तुम्ही व्याह्यांना सांगितलंत, "जावयाच्या हाती गाडी नका देऊ." मी गॅरेजात पुन्हा पाना उचलला नाही. हळूहळू मलाच वाटू लागलं की मी दाबलं नसेल. आजही घराबाहेर पडताना मी गॅसचा कॉक तीनदा पाहतो. शेवटच्या महिन्यात मी रोज तुमच्या खाटेजवळ बसत होतो. तुम्ही पावसापाण्याचं बोललात, पेन्शनर मित्रांचं बोललात. हे नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट लिहायची राहिली आहे. काल ती स्वयंपाकघरात असताना मी जाड वायर आणि रिले बसवला, बटन होतं तिथे लावलं आणि जळलेला तुकडा कचऱ्यात टाकला. तिनं बाहेर येऊन विचारलं, "काय निघालं?" मी म्हणालो, "झाली दुरुस्त."

उद्या: तिला घेऊन शेजाऱ्यांकडे जाणे, आणि त्यांच्यासमोर सांगणे की बटन चालू होतं, चूक माझ्या वायरिंगची होती.