घोंगडं देणार नाही

तोरणमाळ,
१५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप हेमकांतभाऊंना,
नूतनचा वाकून नमस्कार.

आज रविवार, आश्रमशाळेला सुट्टी. कपडे धुतले, मुलांच्या वह्या तपासल्या. थंडी फार आहे, पण लाकडं भरपूर आहेत. जेवते वेळेवर, काळजी नसावी.

परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "गयेल मानूसनं घोंगडं घरमा ठेवतस का? तापीमा सोडी दे. योगले तुले नवी चटई लई देसु." त्याचं उत्तर आता लिहून सांगते. ह्यांचं घोंगडं मी देणार नाही. ते न्यायला येऊ नका. मला भेटायला मात्र जरूर या.

हे रोज पहाटे त्याच घोंगड्यावर डोळे मिटून बसायचे. मी चिडवायची, "हातपाय हलत नाहीत, हा कसला योग?" हे म्हणायचे, "बसनं म्हणजे पळनं नही." तेव्हा मला ते कळलं नाही. हे गेल्यावर मी खूप पळाले. माणसं टाळली, घरात थांबणं टाळलं. आता ह्यांच्याच जागी बसते. श्वास येतो, जातो. रडू येतं, तेही जातं. मी उठत नाही.

योगानं ह्यांचा विसर पडेल, असं तुम्हाला वाटतं. भाऊ, मला विसर नकोच आहे. लोकांना घोंगडं अशुभ म्हणायचं तर म्हणू देत.

वहिनींचा गुडघा कसा आहे? कापूस वेचून झाला का?

ऊन उतरलं. घोंगडं वाळत घातलंय, ते आत आणून झटकते आणि घडी घालून ठेवते.

तुमची बहीण,
नूतन