लेटिसचे हात

मिस्टर योस्ट,

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही आधीच पुरेसे शेफारलेले आहात.

दरबारातल्या साऱ्या बायकांच्या चित्रांत तुम्ही सारखेच हात काढता, हे लंडनभर ठाऊक आहे. चेहरा बाईचा, हात तुमच्या पगारी पोरीचे. मीही त्यावर खूप हसले होते.

देवीच्या साथीत आमची लेक लेटिस गेली, तेव्हा चित्रात तिचा फक्त चेहरा रंगवून झाला होता. तुम्ही तिचा निळा झगा माझ्यापुढे धरलात.

"बाईसाहेब, हातांसाठी तुम्ही बसा. या चेहऱ्याला परके हात शोभायचे नाहीत."

"माझ्या हातांना सुरकुत्या आहेत."

"त्या माझ्यावर सोडा."

सुरकुत्या तुम्ही पुसल्यात, पण करंगळीचा बाक तसाच ठेवलात.

लेटिस गेल्यापासून आमचे लॉर्ड माझ्याशी धड बोलत नव्हते. काल चित्रापुढे उभे राहून म्हणाले, "ती करंगळी बघ. हुबेहूब आपली पोर."

मी माझा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझी करंगळी पाहिली, चित्राकडे पाहिलं, आणि जेवणाची घंटा झाली तरी हात सोडला नाही.

तुमची ऋणी,
ऑनर विंडल