दोन शाळा एक करण्याबाबत

सोमवार, १५ नोव्हेंबर १९५४

आले एकदाची! जळगावहून सकाळच्या गाडीनं नरडाणा आणि तिथून चार मैल बैलगाडी. गाडीवान सगळी वाट गात होता. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. वेचणीच्या बाया मान वर करून बघत होत्या, ट्रंकेवर एकटी बसलेली ही कोण? मी हात हलवला, तर खदखदून हसल्या.

भाऊ म्हणत होता, सव्विसाव्या वर्षी परक्या गावात एकटी कशी राहशील? आता राहूनच दाखवते. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे मी! शाळा म्हणजे सपाट मातीच्या धाब्याच्या दोन खोल्या, पण ओटा छान सारवलेला, दारात रांगोळी, अंगणात मोठा निंब. पुढच्या खोलीत चारी इयत्ता बसतात, मागच्या खोलीत नकाशे, सूत कातायच्या टकळ्या आणि कापसाच्या पेळूंच्या टोपल्या. सहायक शिक्षिका लताबाई गावातल्याच, वयानं माझ्याहून मोठ्या आणि फार अबोल. त्यांच्याच घरी माझी राहायची सोय आहे. त्यांनी कळण्याची भाकर आणि भरीत वाढलं, मी लाज सोडून जेवले.

बुधवार, १७ नोव्हेंबर

पटावर एकतीस मुली, वर्गात एकोणीस. बाकीच्या बाराजणी कुठे, म्हणून विचारलं तर लताबाई म्हणाल्या, घरी असतात.

आज बोर्डाचं पत्र आलं. मुलींच्या शाळेचा पट तीन वर्षं उतरतो आहे, सबब ती मुलग्यांच्या शाळेत मिळवावी असा विचार आहे. शिक्षिकांचं आणि शाळा समितीचं मत लेखी घेऊन ठेवावं, तीन डिसेंबरला तपासनीस येतील.

माझं मत पत्र वाचता वाचताच ठरलं. मुलग्यांच्या शाळेत दोनशे चाळीस पोरं आहेत. तिथे इथले बाप चौथीतली मुलगी पाठवायचे नाहीत. शाळा मिळवली की मुली चुलीपाशी. मी नाही म्हणणार, आणि मोठ्यानं म्हणणार! लताबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही लिहाल तेच माझं. मी म्हटलं, असं चालायचं नाही, मत तुमचं हवं. त्या मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या.

शनिवार, २० नोव्हेंबर

सकाळची शाळा सुटल्यावर समितीचे अध्यक्ष लालचंदशेठ यांच्याकडे गेले. कापडाचं दुकान आहे, माणूस अदबीचा. चहा पाजला, आणि खाली बघतच म्हणाले की शाळा मिळवलेली बरी. का, ते मात्र सांगेनात.

मग न येणाऱ्या मुलींची घरं धरली. प्रत्येक घरी मुलगी हसली, पाणी दिलं, आईच्या पाठीशी उभी राहिली. तिसऱ्या घरी माझ्या ध्यानात आलं, मी मुलीला विचारते आणि उत्तर आई देते. पाचवं घर शेठजींच्याच मुलाचं. तिथे मी आईला गप्प बसवलं आणि मुलीला म्हटलं, तुझं नाव तूच सांग बाळ. तिनं माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटानं लिहिलं, इंदू.

बुधवार, २४ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत धुरपदाबाई आल्या. समितीत बाईमाणूस त्या एकट्याच. गावाबाहेरच्या वाडीवर राहतात. ओट्यावर बसल्या, आत काही आल्या नाहीत.

"मनी मथुरा जलमनी मुकी नही शे, बाई. मोठा गोड गळा व्हता तिना."

त्यांची मथुरा न येणाऱ्या बाराजणींतलीच. मग सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी वाडीवरही मुलींची छोटी शाळा होती. तिथल्या मागच्या खोलीतून कुणीतरी मुलींना हाक मारायचं, ओळखीच्या आवाजात. जी मुलगी 'ओ' देई तिचा आवाज जाई. मग तिच्याच आवाजात दुसरीला हाक. वाडीवर दोघी गेल्या. शाळा बंद करून इथे मिळवली म्हणजे सुटलो, असं लोकांना वाटलं.

"पोरी आठे उन्यात, तं ते बी त्यास्ना मांगे उनं."

मुलींच्या मागोमाग ते इथेही आलं. पहिली मथुरा, मग एकेक करून अकराजणी. लग्नं जुळायची नाहीत म्हणून कुणी तोंड उघडत नाही. आणि आता पुन्हा तोच उपाय, शाळा मिळवा.

माझा विश्वास नाही. पण बारा मुली मी कालपरवा माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात.

शनिवार, २७ नोव्हेंबर

ऐकलं.

अकरा वाजले होते, लख्ख ऊन. मुली घरी गेलेल्या, मी एकटी मत लिहीत बसले होते. मागच्या खोलीतून गोड आवाज आला, "बाई." उठून दार उघडलं. कुणी नाही. रिकाम्या कोपऱ्यातून पुन्हा, "बाई." मग दुसरा आवाज, तिसरा. मी मोजले. वाडीवरचे धरून चौदा. दात आवळून उभी राहिले, एकालाही ओ दिली नाही.

बाहेर येऊन ओट्यावर बसले, आणि मग मला राग आला. असा राग कधी आला नव्हता. ते आवाज माझ्या मुलींचे आहेत!

मागच्या खोलीला कुलूप घातलं. सोमवारपासून वर्ग निंबाखाली. नियम केला आहे: शाळेत कुणी कुणाच्या हाकेला तोंडानं ओ द्यायची नाही, हात वर करायचा. आणि मत लिहून टाकलं. शाळा मिळवू नये. ते दोनशे चाळीस पोरांत मी जाऊ देणार नाही.

बुधवार, १ डिसेंबर

ओट्यावर समितीची बैठक. मी कुणाची भीड न ठेवता सगळं बोलले. लालचंदशेठ हळूच म्हणाले, जाऊ द्या ना तिकडे, आपल्या मुली तरी वाचतील.

धुरपदाबाई उभ्या राहिल्या. "तठे दोनशे चाळीस लेकरं शेतस, शेठ. त्यास्नं काय?"

शेठजींनी सहीचा कागद पुढे ओढला. नात इंदू त्यांच्या डोळ्यांपुढे असणार.

सगळ्यांनी विरोधात सह्या केल्या. लताबाईंनीही, आणि स्वतःचं मत स्वतः लिहून! सह्या चालू असताना कुलपामागे हसू आलं. मुलींचं हसू, पुष्कळ मुलींचं. सगळ्यांनी ऐकलं. शेठजींनी सही पुरी केली. एकही माणूस उठून गेला नाही.

गुरुवार, २ डिसेंबर

हरले.

दुपारी पाठीमागून किंकाळी, "बाई, मी पडले!" मी पाढे घेत होते. तोंडातून निघून गेलं, "आले गं!"

मग पाहिलं तर एकोणीसच्या एकोणीस मुली माझ्यासमोर बसलेल्या.

घसा दुखत नाही. काहीच होत नाही. तोंड उघडते, हवा येते. लताबाई रडल्या. मी पाटीवर लिहिलं: रडू नका, उद्याचे कागद काढून ठेवा.

शुक्रवार, ३ डिसेंबर

तपासनीससाहेब आले. ओट्यावर बसले. कागद आणायला मी पुढच्या खोलीत गेले, आणि कुलपाच्या दाराआडून माझा आवाज बोलला. माझाच—

"साहेब, कागदावर जाऊ नका. समितीनं दाबून लिहून घेतलं आहे. माझी संमती आहे."

धावत बाहेर आले. साहेबांनी लिहून घेतलंही होतं. मी पाटी आपटली, मोठ्या अक्षरांत 'नाही' लिहिलं. पेन्सिल मोडली. साहेब समितीकडे रागानं बघत म्हणाले, बाई किती घाबरल्या आहेत, दिसतंय मला. शेठजी ओरडले की तो आवाज बाईंचा नव्हे. कोण ऐकतो!

साहेब सोमवारी मुलींना मुलग्यांच्या शाळेत नेणार. त्यांच्या मागे ते—

नाही. नेऊ देणार नाही.

रविवार, ५ डिसेंबर

लताबाईंना घेऊन घरोघर. मी लिहायचं, त्यांनी वाचायचं. अबोल बाई, पण आज घसा बसेपर्यंत बोलली. धुरपदाबाई वाडी पालथी घालून आल्या.

उद्या सगळ्या येणार. बाराजणीसुद्धा.

सोमवार, ६ डिसेंबर

निंबाखाली. वही मांडीवर. बोलता येत नाही, तर निदान लिहून तरी राहील.

एकतीस मुली. मागे त्यांच्या आया. मथुरा पहिल्या ओळीत.

साहेब आले. म्हणतात, उठा, चला. कुणी उठत नाही.

सुरू झालं. कुलपामागून माझ्या आवाजात पट घेतला जातोय. "नाव घेते, ओ द्या—" साहेब माझ्याकडे बघतात. माझ्या मिटलेल्या ओठांकडे. मग दाराकडे. त्यांचा टाक खाली पडला.

पहिलं नाव. हात वर. तोंड बंद.

दुसरं. हात वर.

आवाज चढतोय. लाडानं, मग रागानं, मग आयांच्या आवाजात— आयांनी पोरींचे खांदे धरलेत. एकही फुटली नाही. एकतिसावं नाव. हात वर. शाबास गं माझ्या पोरींनो—

दार हलतंय.

आता मुलींना नाही. आता, "साहेब—" माझ्या आवाजात, नम्रपणे, "साहेब, तुमची सही राहिली, ऐकताय ना?"

त्यांना नियम ठाऊक नाही. कुणी सांगितलाच नाही. त्यांनी तोंड उघडलं— मी उठते, त्यांच्या तोंडावर हात—