पाय हलवायचा नाही

४ मार्च

आज पुन्हा झापलं मला! साहेब खुर्चीतूनच ओरडला — "अंगात किडे पडलेत का रे? दारावरचा माणूस कधी हलतो?" हलतो! पाय आहेत, खांब नाहीत! उठसूट पुतळ्याकडे बोट दाखवतो. पुतळा म्हणजे दुकानाच्या मोठ्या दारावरचा जुना रखवालदार. सकाळी उभा राहिला की संध्याकाळपर्यंत पापणी तेवढी हलते. म्हणून तर मागची खोली त्याला. बाकीचे आम्ही एका हॉलमध्ये, एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं.

५ मार्च

बायकोचा फोन. "खोलीचं काय झालं?" दुसरं काही विचारतच नाही! खोलीशिवाय तिला इकडे आणता येत नाही, हे मला काय कळत नाही?

९ मार्च

बूट निघेनात. घोट्यावर निळ्या-जांभळ्या रेघांचं जाळं. बोट दाबलं की खड्डा. दवाखान्यात गेलो. सिस्टरने माझ्याच पायावर पेनाने काढून दाखवलं. रक्त खाली येतं ते हृदयाच्या जोरावर. वापरलेलं रक्त गोळा करायचं काम ह्या बारक्या शिरांचं. त्या ते मोठ्या शिरांत सोडतात. पण तिथून वर चढवायला पोटरी हलावी लागते — ती आवळली की रक्त चढतं. नुसतं उभं राहिलं की सगळं खाली तुंबतं, शिरा फुगतात, पाणी मांसात झिरपतं. "पुढे जखमा होतात, लवकर भरत नाहीत. चालत राहा, भाऊ."

चालत राहा! कुठे? दारातल्या दारात?

१० मार्च

साहेबाला सांगितलं. हसला. "चौथीत शाळा सोडलीस, मला शिरा शिकवतोस?" डोकंच फिरलं! मग पुतळ्याला म्हटलं, दादा, निदान टाचा तरी उचलत जा. तर म्हणतो, "गप रे, साहेब बघतोय." दादाचा मोजा ओला होता. वासही येत होता.

१४ मार्च

टाचा वर-खाली केल्या. झापलं. परत केल्या!

२१ मार्च

पुतळ्याला घरी पाठवलं. पायाची जखम भरेना, उभंच राहवेना. मोठं दार मला, खोलीही मला. साहेब म्हणाला, "उंची बघून देतोय. हललास तर खोली गेली."

'हो' म्हणालो.

बायको फोनवर आनंदाने रडली. पायाचं बोललो नाही. दिवसभर हललोही नाही.