मनोरीच्या बर्फाचा प्रोग्रॅम

३ नोव्हेंबर, सोमवार
मनोरीच्या मच्छीमार सोसायटीत माझा जावा प्रोग्रॅम दोन महिने झकास चालू. कुठल्या होडीला किती बर्फ लागेल ते सांगतो. २३ला सभा. कायमचं काम मिळालं की अंधेरीची नोकरी सोडणार. राजीनामा लिहून तयार. भाषा जरा कडक झालीय. राहू दे.

४ नोव्हेंबर
एकच खोट. एकदा काढलेलं उत्तर तात्पुरत्या फाइलीत ठेवतो, पुन्हा विचारलं की लगेच देतो. पण सकाळी पहिल्या उत्तराला चाळीस सेकंद! प्रोग्रॅम बंद झाला की फाइली आपोआप पुसल्या जातात (सोय मीच केलीय). बंद करतं कोण?

५ नोव्हेंबर
मथुराआत्या. सोसायटीचं ऑफिस तीच सांभाळते. म्हणाली, "घरी जाताना पंखा बंद करते, तसा हाही करते. रिकामा कशाला चालू ठेवायचा?" तिला कॅशिंग, म्हणजे उत्तरं साठवून ठेवणं, समजावलं. कोलंबी सोलत ऐकलं. शेवटी मीच कागद चिकटवला: बंद करू नये. हुकमावरून, सॉफ्टवेअर आर्किटेक्ट.

६ नोव्हेंबर
पहिलं उत्तर एका सेकंदात. अध्यक्ष तुळशीदासकाका खूश. म्हणजे बोलले काही नाहीत.

१२ नोव्हेंबर
फाइली अकरा हजार. प्रत्येक उत्तरासोबत हवामानाचा नकाशाही साठतोय. जुन्या पुसायचा कोड लिहायला हवा. वीस मिनिटांचं काम. शनिवारी नक्की.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज मूड नाही. व्हिजिटिंग कार्डाचं डिझाइन केलं. तीन प्रकार.

१९ नोव्हेंबर
आत्याचा फोन. कॉम्प्युटर धापा टाकतोय, बंद करू का? खडसावलं. डिस्क नव्वद टक्के भरलीय. म्हणजे दहा मोकळी. रविवारच्या सभेपर्यंत पुरते.

२३ नोव्हेंबर, स. १०
मार्वेच्या जेट्टीवर, मनोरीच्या फेरीबोटीची वाट बघतोय. दोनदा चहा घेतला.

दु. ३
वाट लागली. सभेत सगळ्यांसमोर काकांनी होडीचं नाव टाकलं. डिस्क फुल, प्रोग्रॅम ठप्प. मी काहीतरी इंग्रजीत बोललो. आत्या उठली, प्रोग्रॅम रीतसर बंद केला, परत चालू केला. फाइली साफ. चाळीस सेकंदांनी उत्तर आलं, बरोबर आलं. काकांनी विचारलं, "पहिले दोन महिने हे रोज कोण करायचं?" सगळ्यांनी आत्याकडे बघितलं, माझ्याकडे कोणीच नाही. फार लागलं.

२४ नोव्हेंबर
व्हॉट्सॲपवर ठराव आला. प्रोग्रॅम चालू ठेवणे. देखभाल मथुराबाईंकडे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कॉम्प्युटरला हात लावण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी.

फाइली पुसायचा कोड आज अंधेरीच्या ऑफिसात बसून लिहिला. अठरा मिनिटं. आत्याला फोन करून तो टाकायची परवानगी मागितली. म्हणाली, बघू.