सखाराम पैलवानाची पेटी

प्रिय सखाराम पैलवान,

'प्रिय' हातून लिहून गेलं. इतक्या वर्षांची सवय! खोडत बसत नाही, राहू दे. पण यापुढं एकही गोड शब्द मिळायचा नाही, हे आधीच सांगतो. तू होतास तोवर तुला अहो-जाहो केलं. आज अरे-तुरे करणार आहे. ये आणि माझं काय वाकडं करायचं ते कर!

काल तुझा दहावा झाला. पवनेच्या काठी अख्खी रहाटणी लोटली होती. चिंचवडच्या बाजारातून आम्ही दुकानदारही गेलो होतो. पिंड मांडला आणि कावळा शिवेना. वर बाभळीवर पाच-सहा बसले होते, माना वाकड्या करून बघत होते, पण खाली एक उतरेना. तुझ्या थोरल्यानं हात जोडले, "आबा, आईला अंतर देणार न्हाई." नाही शिवला. मेव्हण्यानं सांगितलं, "तालमीचं बांधकाम आमी पुरं करतो." तरी नाही. मग म्हातारे वस्ताद माझ्याकडं वळले. म्हणाले, "गणपत, त्याचा जीव तुझ्या पेटीत अडकलाय बघ. समदं तालमीत लावीन म्हणून सांग त्याला, म्हंजी सुटंल बिचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वस्ताद पुन्हा म्हणाले, "आरं बोल की!" मी नदीकडं बघत उभा राहिलो. ऊन चढलं, बायका कंटाळल्या, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. एवढा मोठा पैलवान तू, पाच गावच्या जत्रा गाजवलेला, आणि तुझ्या नशिबी गवताचा कावळा! देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं.

मेलेल्या माणसाचं वाईट चिंतू नये म्हणतात. मान्य आहे. पण जितेपणी तू हाती लागला नाहीस, त्याला मी काय करू?

तुझी पेटी तुला ठाऊक आहेच. शिलाई मशीनच्या मागं फळीवर ठेवलेली, हिरव्या रंगाची. तुझे लंगोट मीच शिवायचो. नवा न्यायला आलास की जुना माझ्यापुढं टाकायचास, "घे रे शिंप्या, मशीन पुसायला व्हईल." पुसायला! मी तो धुऊन, कापूर घालून, घडी करून पेटीत ठेवायचो. तुझे जत्रेतले फेटे होते, हातातलं कडं होतं. भोसरीच्या आखाड्यातली माती मी तपकिरीच्या डबीत भरून आणली होती. बायको म्हणायची, "लोकं देवाचा अंगारा जपत्यात आन् तुमी ह्या रेड्याची माती जपताय!" शहाणी बाई. तेव्हा मी तिच्यावर वसकन ओरडलो होतो.

लेंग्याचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक तुझी कुस्ती ऐकल्याशिवाय सुटायचं नाही. कपडा राहायचा बाजूला, मी कात्री हातात घेऊन तुझा डाव दाखवायचो. लोक हसायचे. हसू देत म्हणायचो, कुणी टाक जमवतं, कुणी नाणी जमवतं, मी माणूस जमवतो.

माणूस! थू!

तू गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुकान बंद केलं, पेटी खाली घेतली आणि ढसाढसा रडलो. शिवा कोपऱ्यात काज-बटणं करत बसला होता. माझा धाकटा भाऊ शिवा. तुझ्याच तालमीतला, तुझ्याच वस्तादाचा पठ्ठ्या. ओळखलास ना? का विसरलास?

तो सुई न थांबवता म्हणाला, "दादा, इतकं नगं रडू."

मी म्हणालो, "तुला काय कळायचं! असा माणूस पुन्हा व्हायचा नाही."

"न व्हईना," तो म्हणाला. "त्यानं माज्याशी सबूद मोडला हुता."

आणि मग सांगितलं त्यानं. सगळं.

चाकणच्या अंगाला ती जत्रा होती. शेवटची कुस्ती तुझी, पण तुझ्या जोडीचा पाहुणा पैलवान आलाच नाही. पंचांचा नाइलाज झाला, लोक तर उठायला तयार नाहीत. कुणीतरी शिवाचं नाव घेतलं आणि तुम्हा दोघांची जोड लावली. आता एका तालमीतली पोरं एकमेकांची पाठ लावत नाहीत, हे शेंबडं पोरगंही सांगेल. खडाखडी करायची, चार डाव दाखवायचे, लोकांची करमणूक करायची आणि बरोबरीत सोडवून घ्यायची. तू स्वतः शिवाच्या पाठीवर माती चोळत त्याला म्हणालास, "भिऊ नगंस. आपुन एका मातीतलं. मी ओढीन तिकडं सैल ये, मग पंचाला सांगून सोडवून घिऊ." म्हणालास का नाही?

शिवा सैल आला. तू म्हणशील तिकडं हात दिला त्यानं. मी हलगीवाल्याशेजारी उभा होतो, मलाही वाटलं, काय रंगलीय! तेवढ्यात कडेनं पोरांनी हुर्यो केली, "नुरा हाय! नुरा हाय! मिळून खेळत्यात!" तुझा चेहरा मी पाहिला होता रे. लालबुंद झालास. मला वाटलं, पैलवानाला जोर चढला. चढला तो जोर कुठला? नाव जाईल म्हणून तुझी फाटली होती! ज्या पोरानं विश्वासानं हात तुझ्या हातात दिला होता, त्याच हाताला धरून तू धोबीपछाड मारलास.

यालाच केसानं गळा कापणं म्हणतात ना?

खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, पण हात खांद्याच्या वर गेला नाही तो नाहीच. तालीम सुटली. पुढं पिंपरीला कारखाना निघाला, आळीतली पोरं भरतीला लागली, शिवाही गेला. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, "दोन्ही हात वर कर." झालं! परत आला आणि माझ्या दुकानात काज करायला बसला. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, कुस्तीत असं व्हायचंच.

आणि तू काय केलंस? त्या कुस्तीचा फेटा घेऊन दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आलास! शिवा आत कण्हत पडला होता, तू उंबऱ्यात उभा राहून म्हणालास, "शिंप्या, ह्यो तुज्या पेटीत ठेव. तुज्या भावाबरूबरच्या कुस्तीचा हाय." मी तो फेटा डोळ्यांना लावला. आत बघायला तू गेला नाहीस. मला तेव्हा वाटलं, लाजला असेल, मोठ्या मनाचा आहे. तुझी जीभ कशी झडली नाही रे?

मी शिवाला विचारलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "कसं सांगायचं? तू सांच्याला फेटा उलगडून बघायचास. तुजं तोंड उजळायचं. म्हनलं, असू दे."

असू दे! ऐकतोयस का? माझ्या भावानं माझ्या पेटीसाठी स्वतःचा हात गिळला. आणि मी काय जमवत होतो? त्याचाही एक फेटा होता, देहूच्या बाजूला मिळवलेला. तो कुठं गेला माहीत आहे? मशीनचं तेल पुसायला. तुझा लंगोट कापरात आणि माझ्या भावाचा फेटा तेलात. असा मी जाणकार!

कुणाकुणाचं जमवता आलं असतं रे मला! तो वाकडचा काळा पैलवान, चारातल्या तीन हरायचा, पण हरवणाऱ्याला मिठी मारून आखाड्याबाहेर यायचा. त्याची चिंधीसुद्धा माझ्याकडं नाही. सगळ्या मुलखात मी नेमकं तुलाच निवडलं.

ते लंगोट मी फाडले. फेटे फाडले. तुझी माती गटारीत ओतली, कडं तुझ्या थोरल्याच्या हातात दिलं, कारण त्याच्यावर राग धरून काय करू? पण एवढ्यानं माझं समाधान झालं नाही. चिंध्या करून माणसाचं नाव जात नाही, हे मला कळतंय.

तर ऐक. आज सकाळी सरपंच दुकानात आले. तालमीत काचेचं कपाट करायचंय, म्हणाले. पेटीचं काय झालं आणि का, ते मी त्यांना सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "निदान फोटू तरी दे, गणपत. त्याचा दुसरा फोटू कुणाकडंच न्हाई."

खरंय. तुझा जगात एकच फोटो आहे आणि तो माझ्याकडं आहे. त्याच जत्रेत पुण्याहून आलेल्या फोटोवाल्यानं काढलेला, कुस्तीच्या आधी. तू आणि शिवा शेजारी उभे, तुझ्या हातात त्याचा हात. मी चौकट केली तेव्हा शिवाची बाजू घडी घालून मागं दाबली होती. मला तेवढा तूच हवा होतास.

सरपंचांच्या समोर मी चौकट उघडली. घडी उलगडली. शिवा किती हसत होता रे त्यात! मग मी दुसरी बाजू दुमडली. तुझी. नीट, नखानं दाबून, आयुष्यभर कापड दुमडतोय मी. आता काचेमागं शिवा एकटा उभा आहे आणि कडेनं एक हात आलाय, त्यानं शिवाचा हात धरलाय. बाकी काही दिसत नाही.

सरपंच म्हणाले, "आरं, ह्यात पैलवान कुठाय?"

मी म्हणालो, "हाच पैलवान."

त्यांनी शिवाकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. मग चौकट काखेत मारून गेले. संक्रांतीला तालमीत लागेल.

तुझी बायको आली आणि तुझं तोंड बघायचं म्हणाली, तर मी स्वतः जाऊन घडी उघडून दाखवीन. त्या माउलीनं माझं काय केलंय? पण ती गेली की परत दुमडीन.

आणि तुला वचन देतो, सखाराम. काल घाटावर दिलं नाही, ते आज देतो. तालमीत नवीन पोरगं येईल, मारुतीला नमस्कार करील, फोटोसमोर थांबेल आणि विचारील, "हा हात कुणाचा?" दर वेळी मी सांगेन. गावासह, बापाच्या नावासह, डावासह सांगेन. मी मेलो की शिवा सांगेल, आणि त्याला सांगायचं नसलं तरी पोरं त्याचा खांदा बघतील. तुला तुझं नाव राहायला हवं होतं ना? राहील!

तुझा कुणीही नसलेला,
शिवाचा थोरला भाऊ
गणपत शिंपी, चिंचवड